‘पुढे जाणे’ म्हणजे आधी की नंतर?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षांच्या पानावर गेल्या बुधवारी इंग्रजी शब्दांची यादी आली. त्यात ‘प्रोसीड’ या क्रियापदासमोर अर्थ छापला होता, ‘पुढे जाणे’. त्याच रकान्यात थोडे खाली ‘प्रिसीड’ होते आणि त्याच्यासमोरही ‘पुढे जाणे’ असेच छापले होते. दोन वेगळी क्रियापदे आणि दोघांना अर्थ एकच! खरे तर ‘प्रिसीड’ म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी आधी येणे. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत अभ्यासिका चालते. तिथली मुले-मुली हे पान कापून वहीत चिकटवतात आणि चिकटवलेले पाठ करतात. बँक, रेल्वे, तलाठी, राज्यसेवा अशा सगळ्या परीक्षांची तयारी करणारी ही मुले आहेत. बहुतेकांचे आईवडील कापूस वेचायला नाहीतर केळीच्या बागेत कामाला जातात. महागडा क्लास परवडत नाही म्हणून ती आपल्या पानावर विसंबतात. म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

मी रेल्वेत भुसावळ विभागात स्टेशन मास्तर होतो. आता निवृत्त होऊन पाचोरा तालुक्यात गावी राहतो आणि संध्याकाळी अभ्यासिकेत मुलांबरोबर बसतो. इंग्रजीचा मी पदवीधर शिक्षक नाही. पण ‘प्रिसीड’ हा शब्द माझ्या रोजच्या कामाचा होता आणि त्याचा अर्थ नीट कळणे ही माझ्यासाठी लोकांच्या जिवाशी संबंधित गोष्ट होती.

आधी ‘पुढे’ या आपल्या शब्दाकडे पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मराठीत ‘पुढे’ दोन्ही दिशांना चालतो. मिरवणुकीत लेझीमवाले पुढे असतात आणि पालखी मागे. जो पुढे, तो चौकात आधी पोहोचतो. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या म्हणीतही पुढचा म्हणजे आधी गेलेलाच. पण काळाबद्दल बोलू लागलो की हाच शब्द उलटा फिरतो. पुढचा आठवडा म्हणजे अजून न आलेला आठवडा. ‘मग पुढे काय झालं?’ म्हणजे नंतर काय झालं. ‘मागे एकदा’ म्हणजे पूर्वी कधीतरी. घरात बोलताना आपण यात कधी चुकत नाही, कारण संदर्भ समोर असतो. इंग्रजी शब्दाच्या समोर मात्र नुसते ‘पुढे जाणे’ छापले, तर मुलाने कोणता ‘पुढे’ धरायचा? मिरवणुकीतला धरला तर ‘प्रिसीड’ बरोबर कळतो. आठवड्यातला धरला तर नेमका उलटा कळतो. ‘मंडे प्रिसीड्स ट्यूसडे’ या वाक्याचा अर्थ एका हुशार मुलीने मला ‘सोमवार मंगळवारच्या पुढे येतो, म्हणजे मंगळवारनंतर सोमवार’ असा सांगितला. ती तर्काने चालली होती. तिला दिलेला अर्थच अपुरा होता.

लॅटिनमध्ये ‘प्रिसीड’चे दोन तुकडे आहेत. ‘प्रे’ म्हणजे आधी किंवा समोर, आणि ‘सेडेरे’ म्हणजे जाणे. ‘प्रोसीड’मध्येही जाणे तेच, पण त्याच्या आधी ‘प्रो’ जोडलेला आहे, म्हणजे समोरच्या दिशेला. प्रोसीड करायला एकटा पुरतो. एक गाडी, एक माणूस किंवा एक काम असले की ते पुढे सरकते, झाले. प्रिसीड करायला मात्र दोघे लागतात. कोण कोणाच्या आधी, हे सांगितल्याशिवाय त्या क्रियापदाला अर्थच येत नाही. मुलांना मी सगळ्यात आधी हाच फरक दाखवतो.

रेल्वेच्या नियमांत हे दोन्ही शब्द आहेत आणि त्यांची गल्लत कोणी करत नाही. हिरवा सिग्नल म्हणजे ‘प्रोसीड’. चालकाला पुढच्या टप्प्यात शिरण्याची परवानगी म्हणजे ‘अथॉरिटी टू प्रोसीड’. आणि मागच्या स्टेशनाला ‘लाइन क्लिअर’, म्हणजे गाडी आपल्याकडे सोडायची परवानगी, देण्याआधी ज्या अटी पाळायच्या, त्यांतली पहिली अट अशी की ‘द होल ऑफ द लास्ट प्रिसीडिंग ट्रेन हॅज अराइव्हड कम्प्लीट’. म्हणजे या गाडीच्या लगेच आधी जी गाडी निघाली होती, ती संपूर्ण, शेवटच्या डब्यासकट, आत आलेली असली पाहिजे. समजा, भुसावळकडे जाणाऱ्या दोन गाड्या एकामागे एक आहेत. पहिली गाळणहून सुटून पाचोऱ्याला येते आहे आणि दुसरी गाळणला उभी आहे. गाळणचा मास्तर पाचोऱ्याला लाइन क्लिअर मागतो. पाचोऱ्याचा मास्तर लगेच हो म्हणत नाही. तो फलाटावर उभा राहून पहिल्या गाडीचा शेवटचा डबा डोळ्यांनी पाहतो. दिवसा त्यावर ‘एल. व्ही.’ (लास्ट व्हेइकल) अक्षरांची पाटी असते, रात्री तांबडा दिवा. ती पाटी दिसली नाही, तर मधेच कपलिंग तुटून काही डबे मागे रुळावरच राहिले असण्याची शक्यता असते. इंजिन आले, निम्मे डबे आले, एवढ्याने ‘प्रिसीडिंग ट्रेन’ आली असे म्हणता येत नाही. आता कित्येक ठिकाणी डब्यांची चाके मोजणारे अ‍ॅक्सल काउंटर बसले आहेत. पण नियमातले ते वाक्य आणि त्यातला तो शब्द अजून आहे.

या एका वाक्यातून मुलांना तीन गोष्टी समजतात. ‘प्रिसीडिंग’ म्हणजे आधीची. ती कशाच्या आधीची, हे ठरलेले असते, म्हणजे जिच्यासाठी परवानगी मागितली आहे त्या गाडीच्या आधीची. आणि सोबतचा ‘लास्ट’ सांगतो की आधी गेलेल्या अनेक गाड्यांपैकी सगळ्यात अलीकडची. दिशाही ठरलेली लागते. भुसावळकडे जाताना गाळण पाचोऱ्याच्या आधी येते, मुंबईकडे जाताना पाचोरा गाळणच्या आधी. ‘गाळण प्रिसीड्स पाचोरा’ हे वाक्य गाडी कुठे निघाली आहे हे सांगितल्याशिवाय खरेही नाही आणि खोटेही नाही.

मुलांना सगळ्यात जड जाते ते ‘वॉज प्रिसीडेड बाय’. हे त्यांच्या माथी फार वाईट रीतीने मारले जाते, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांच्या आधी २००२ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती होते. इंग्रजीत हे दोन तऱ्हांनी लिहितात. एक, ‘कलाम प्रिसीडेड प्रतिभा पाटील’. दुसरी, ‘प्रतिभा पाटील वॉज प्रिसीडेड बाय कलाम’. दुसरे वाक्य दिले की खोलीतली निम्मी मुले म्हणतात, प्रतिभाताई आधी. का, तर वाक्यात त्यांचे नाव आधी आले. इंग्रजीत कर्मणी प्रयोग झाला की क्रम उलटतो हे त्यांनी व्याकरणाच्या तासाला शिकलेले असते. पण ते सूत्र ‘राम ईट्स अ मँगो’पुरतेच वहीत राहते. आंबा रामाला खात नाही हे कोणालाही कळते, म्हणून तिथे चुकायला जागाच नाही. कलाम आणि प्रतिभाताई यांच्यात मात्र दोन्ही क्रम शक्य आहेत, आणि खरे काय ते एका ‘बाय’वर ठरते.

यावर मला सापडलेला मार्ग मराठीतूनच जातो. इंग्रजी जिथे क्रियापद वापरते, तिथे आपण नुसते ‘आधी’ जोडून काम भागवतो, आणि ते ‘आधी’ नेहमी नंतरच्याला चिकटते. ‘जेवणाआधी हात धुतले’ यात जेवण नंतरचे. ‘लग्नाआधी साखरपुडा’ यात लग्न नंतरचे. तेव्हा इंग्रजी वाक्य समोर आले की एवढेच शोधायचे, ‘-च्या आधी’ कोणाला लावायचे? साधे ‘प्रिसीड्स’ किंवा ‘प्रिसीडेड’ असेल तर क्रियापदाच्या नंतरच्या नावाला लावायचे. ‘इज प्रिसीडेड बाय’ किंवा ‘वॉज प्रिसीडेड बाय’ असेल तर वाक्याच्या सुरुवातीच्या नावाला. वरची दोन्ही वाक्ये अशी उलगडली की मराठी एकच निघते, ‘प्रतिभाताईंच्या आधी कलाम राष्ट्रपती होते.’ हे पाहिल्यावर मुलांचे चेहरे खुलतात. मग मी अहिराणीत विचारतो, ‘‘पयले कोन ऊना, मंग कोन ऊना?’’ उत्तर फटकन येते आणि बरोबर येते. शिकवायला आपली बोली आणली की इंग्रजी कच्चे राहते, असे समजणाऱ्यांनी एकदा येऊन हे पाहावे.

याचा परीक्षेतल्या गुणांशी थेट संबंध आहे. बुद्धिमत्ता चाचणीत आकड्यांची ओळ देऊन प्रश्न विचारतात. मी मुलांसाठी केलेली एक ओळ अशी : ५, ७, ३, ७, ५, ७, ९, ७, ५, ३. प्रश्न असा, किती ७ असे आहेत जे ‘इमिजिएटली प्रिसीडेड बाय ५’ आहेत, पण ‘इमिजिएटली फॉलोड बाय ९’ नाहीत? मराठीत आणले तर ज्या ७ च्या लगेच आधी ५ आहे, पण लगेच नंतर ९ नाही, असे किती? ओळीत ७ चार आहेत. पहिल्याच्या आधी ५ आणि नंतर ३, तो चालतो. दुसऱ्याच्या आधी ३, बाद. तिसऱ्याच्या आधी ५ आहे, पण नंतर ९, बाद. चौथ्याच्या आधी ९, बाद. उत्तर १. ज्याने ‘प्रिसीडेड बाय ५’चा अर्थ ‘७ आधी आणि ५ नंतर’ असा घेतला, त्याला दुसरा आणि चौथा ७ सापडतो आणि उत्तर २ येते. पर्यायांत २ हमखास असतो, म्हणून त्याला शंकाही येत नाही. गणित त्याला येते, मोजणीही अचूक आहे, तरी गुण गेला, आणि जिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात तिथे वरून आणखी गेला. पाव गुणाने नाव यादीबाहेर राहिलेली मुले आमच्या अभ्यासिकेत आहेत.

‘इमिजिएटली’ हाही सोडून देण्यासारखा शब्द नाही. नुसते ‘प्रिसीड’ किती आधी ते सांगत नाही. आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाखात येते, नागपंचमी श्रावणात, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातली कानबाई देवी बसते. कानबाईला नागपंचमीही प्रिसीड करते आणि आखाजीही करते, दोन्ही वाक्ये खरी. पण या तिघींत ‘इमिजिएटली’ फक्त नागपंचमीला लावता येते. आपल्या शासकीय मराठीत यासाठी ‘लगतपूर्व’ असा फार चांगला शब्द आहे. कागदोपत्री तो छापतात, पण क्लासमध्ये कोणी शिकवत नाही.

हा शब्द न कळल्याने काय होते ते आमच्याच गावात पाहिले. एका मुलीने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. अर्ज इंग्रजीत होता आणि त्यात अर्जाच्या वर्षाच्या ‘इमिजिएटली प्रिसीडिंग’ आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला मागितला होता. तिने मोबाइलवर ‘प्रिसीडिंग’ पाहिले. अर्थ आला, ‘आधीचे’. घरात आधीच्या एका वर्षाचा दाखला ठेवलेला होताच, तिने तो जोडला. तो होता त्याच्याही मागच्या वर्षाचा. अर्ज त्रुटीचा शेरा घेऊन परत आला. मग पुन्हा तलाठ्याकडे, पुन्हा सेतूत, आणि ऐन वेचणीच्या दिवसांत वडिलांची मजुरी बुडाली. मुदतीच्या आत नवा दाखला मिळाला म्हणून निभावले. त्या मुलीला बारावीला इंग्रजीत चांगले गुण होते. तिला कोणी ‘इमिजिएटली’चे महत्त्व सांगितले नव्हते. ज्यांनी तो अर्ज तयार केला त्यांनी तिथे मराठीत ‘लगतपूर्व वर्ष’ लिहून कंसात वर्षाचा आकडा टाकला असता, तर एवढा फेरा पडलाच नसता. हेही मला आपल्या पत्रातून सांगायचे आहे.

‘प्रिसिडन्स’ हे नाम याच घरचे, पण त्यात एक वेगळी छटा आहे. मालगाडी आधी येते, तिला लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतात, आणि मागून आलेली एक्सप्रेस मुख्य लाइनवरून निघून जाते. रेल्वेत याला ‘प्रिसिडन्स’ देणे म्हणतात. इथे आधी आली मालगाडी, पण आधी जाण्याचा मान एक्सप्रेसचा. म्हणजे ‘प्रिसीड’ प्रत्यक्ष घडलेला क्रम सांगतो आणि ‘प्रिसिडन्स’ कोणाचा हक्क पहिला ते. केंद्र सरकारच्या ‘टेबल ऑफ प्रिसिडन्स’मध्ये पहिले राष्ट्रपती, दुसरे उपराष्ट्रपती, तिसरे पंतप्रधान, हा मानाचा क्रम आहे, वयाचा किंवा नेमणुकीच्या तारखेचा नाही. गणितात २ + ३ × ४ चे उत्तर १४ येते, कारण गुणाकाराला बेरजेवर प्रिसिडन्स आहे, जरी लिहिताना बेरीज डावीकडे असली तरी. मराठीत यासाठी ‘अग्रक्रम’ आहे. तोच छापावा. इथे ‘आधी येणे’ छापले तर चुकेल.

‘प्रेसिडंट’ म्हणजे पूर्वीचा दाखला, न्यायालयातला पूर्वनिर्णय. हा शब्द आणि राष्ट्रपतींसाठीचा ‘प्रेझिडंट’ आपल्या उच्चारात एक होतात, पण स्पेलिंग वेगळे आहे. दाखल्यात मधे ‘सी’ आणि राष्ट्रपतींत ‘एस’.

स्पेलिंगचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो, कारण ते फार सोपे आहे आणि तरी चुकते. असा शेवट असणाऱ्या नेहमीच्या शब्दांपैकी ‘सी-ई-ई-डी’ने संपणारे तीनच, प्रोसीड, सक्सीड आणि एक्सीड. ‘एस-ई-डी-ई’ने संपणारा एकच, सुपरसीड. बाकी प्रिसीड, रिसीड, कन्सीड, इंटरसीड हे सगळे ‘सी-ई-डी-ई’. तेव्हा प्रिसीडमध्ये दोन ‘ई’ शेजारी येत नाहीत. ‘प्रोसीजर’मध्ये मात्र प्रोसीडचा एक ‘ई’ गळतो, तेवढे वेगळे लक्षात ठेवावे लागते.

आता आपल्या बातमीदारांसाठी एक विनंती. इंग्रजी बातमीवरून मराठी करताना ‘प्रिसीडेड बाय’चे भाषांतर कित्येकदा ‘-मुळे’ असे होते. ‘द कोलॅप्स वॉज प्रिसीडेड बाय थ्री डेज ऑफ रेन’ याचा अर्थ ‘भिंत कोसळण्याआधी तीन दिवस पाऊस पडत होता’, एवढाच. पावसामुळे कोसळली, असे त्या वाक्यात नाही. कदाचित पावसामुळेच असेल, कदाचित सिमेंट कमी घातल्यामुळे असेल. लिहिणाऱ्याने कारण मुद्दाम मोकळे ठेवले असते आणि मराठीत ते बंद होते. ठेकेदाराची जबाबदारी त्या एका ‘मुळे’त वाहून जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. हिवतापात आपण ‘थंडी वाजून ताप आला’ म्हणतो. थंडी आधी, ताप नंतर. इंग्रजीत लिहिताना ‘द फीव्हर वॉज प्रिसीडेड बाय चिल्स’. पण ताप थंडीने येत नाही, डासाने अंगात सोडलेल्या जंतूने येतो. आपल्या ‘वाजून’मध्ये हा भेद किती नीट सांभाळला आहे पाहा. नुसता क्रम सांगितला, कारणाचा शब्दही काढला नाही.

उलट बाजूची चूकही होते. कार्यक्रमाच्या बातमीत ‘द स्पीच वॉज प्रिसीडेड बाय द लायटिंग ऑफ द लॅम्प’ असे आले की मराठीत ‘भाषणाच्या पूर्वी दीपप्रज्वलनाचा पूर्ववर्ती कार्यक्रम संपन्न झाला’ असे काहीतरी होऊन बसते. ‘भाषणाआधी दीपप्रज्वलन झाले’ एवढे पुरे. नेमणुकीच्या बातम्यांत ‘प्रिसीड’च्या जोडीला ‘सक्सीड’ येतो. मुलांना तो फक्त ‘यशस्वी होणे’ असा माहीत. ‘प्रणव मुखर्जी सक्सीडेड प्रतिभा पाटील इन २०१२’ याचा अर्थ एका मुलाने ‘मुखर्जी प्रतिभाताईंवर यशस्वी झाले’ असा लिहिला होता. त्यांच्यानंतर पदावर आले, इतकी साधी गोष्ट. या दोन क्रियापदांची जोडी एकत्र शिकवली तर दोन्ही पक्की होतात. ‘प्रिसीड’ म्हणजे ‘-च्या आधी येणे’, ‘सक्सीड’ म्हणजे ‘-च्या नंतर येणे’.

यादीत शब्द देऊ नका, असे माझे म्हणणे नाही. पंचवीस शब्द देण्याऐवजी पाच द्या, पण प्रत्येकाला दोन वाक्ये द्या, एक साधे आणि एक ‘बाय’चे, आणि दोन्हींच्या खाली एकच मराठी वाक्य. वाक्ये इथलीच असावीत. लंडन-पॅरिसची वाक्ये घेतली की मुलाला आधी ती गावे समजून घ्यावी लागतात, शब्द राहतो बाजूला. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, आणि त्याच्याही आधी १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. या दोन घटनांतच ‘प्रिसीड’ची चार वाक्ये बसतात आणि मुलांना आपल्या मुलखाचा इतिहासही कळतो. सामान्य ज्ञानाच्या पेपरला तोही लागतो.

गेल्या बुधवारच्या यादीची दुरुस्ती येत्या बुधवारी त्याच पानावर, त्याच टायपात यावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक ‘चुकीची दुरुस्ती’ छापली तर ती या मुलांपर्यंत पोहोचणार नाही. दुरुस्ती अशी असावी : ‘प्रिसीड : (काळाने किंवा क्रमाने) दुसऱ्या कशाच्या तरी आधी येणे, आधी असणे, (चालताना) दुसऱ्याच्या पुढे चालणे.’ आणि ‘प्रोसीड : पुढे सरकणे, काम पुढे चालू करणे.’ ‘दुसऱ्या’ हा शब्द गाळू नये, सगळे त्याच्यावर आहे.

अभ्यासिकेतल्या मुलांबरोबर तयार केलेली वाक्ये एका कागदावर लिहून सोबत जोडली आहेत. त्यांत कापूस, केळी, परीक्षा, गाड्या, निवडणुका असे सगळे आले आहे. इंग्रजी एका निवृत्त प्राध्यापकांकडून तपासून घेतले आहे. त्यातली हवी ती वाक्ये छापावीत, माझे नाव देण्याची गरज नाही. ‘फॉलो’ आणि ‘सुपरसीड’ या शब्दांची वाक्येही मुलांनी करायला घेतली आहेत. आपण जागा देणार असाल तर तीही पाठवतो.

आपला,
एक निवृत्त स्टेशन मास्तर
ता. पाचोरा, जि. जळगाव